योद्ध्याची पातळी

तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. तेव्हापासून त्याचे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईस जाते, आणि जुलै उजाडला की धरणाच्या पातळीचा आकडा वर्तमानपत्रांत रोज छापून येतो. तलाव काठोकाठ भरल्याची खूण १२८.६३ मीटर. हा आकडा मुंबईकरांच्या जिव्हाळ्याचा. धरणाच्या अंगणात राहणाऱ्या पाड्यांना त्याचा उपयोग एवढाच, की तो गाठला गेला म्हणजे दरवाजे उघडतात आणि नदीकाठच्या वस्त्यांना सावध राहावे लागते. एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. त्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे, आम्ही त्यात भर घालीत नाही.

सांगायचे ते एवढेच, की पावसाळ्यात आमच्याकडे आकडा म्हटला की तो धरणाचा. ऑगस्ट २०२० मध्ये वसतिगृहातील एका मुलाने जेवता जेवता “आज बासष्ट झाली” असे आनंदाने जाहीर केले, तेव्हा आमच्या स्वयंपाकीण मावशी भात वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, “बासष्टच? मग कालचा पाऊस गेला कुठं?” इतर मुले खो खो हसली. मुले ज्याला ‘लेव्हल’ म्हणत होती ती पातळी एका योद्ध्याची होती. हा योद्धा तलवार व ढाल घेऊन त्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या मोबाईलमध्ये राहत होता.

त्या वर्षीची हकीकत थोडी मागून सांगावयास हवी. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील पुष्कळ कातकरी व वारली कुटुंबे त्या वेळी भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर होती. दिवाळी सरली की ही माणसे मुलाबाळांसह भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वसतिगृहातील बहुतेक मुलांना त्यांचे आप्त येऊन घेऊन गेले. ज्यांचे आईबाप भट्टीवरच अडकले होते, अशी चार मुले आमच्याकडे राहिली. मुंबई-नाशिक महामार्गावरून त्या दिवसांत माणसांचे लोंढे कसाऱ्याच्या दिशेने चालले होते. धर्मग्रामातील तरुण आणि सिस्टर्स रस्त्याच्या कडेला पाणी व खिचडी वाटीत, आणि ही चार मुले पातेली घाशीत. पुढे जूनमध्ये शाळा मोबाईलवर भरू लागल्या तेव्हा एका दात्याने चार जुने मोबाईल पाठवून दिले. अभ्यास दिवसाकाठी दोन तास. उरलेल्या वेळाचे काय करावे, हे मोबाईलबरोबर आलेल्या पत्रात नव्हते.

तिघे पब्जी नावाचा गोळीबाराचा खेळ खेळू लागले. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने त्यावर बंदी घातली, तेव्हा ते दुसऱ्या तसल्याच खेळाकडे वळले. चौथ्याच्या वाट्याला आलेला मोबाईल इतका जुनाट होता की त्यावर तो खेळ उघडेचना. शोधता शोधता त्याला एक खेळ सापडला, ज्याची चित्रे ओबडधोबड आणि माणसे ठोकळ्यांची केल्यासारखी होती. ती त्या मोबाईलला पेलली. खेळाचे नाव ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’. इंग्लंडातील ॲन्ड्र्यू आणि पॉल गावर या भावांनी मूळ खेळ रचून ४ जानेवारी २००१ रोजी लोकांपुढे आणला. पुढे त्याचे रूप इतके पालटले की जुन्या खेळाडूंनी जुन्याचाच आग्रह धरला. तेव्हा २००७ मधील जपून ठेवलेली प्रत काढून फेब्रुवारी २०१३ मध्ये जुना खेळ पुन्हा सुरू करण्यात आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो मोबाईलवर आला. एकाच वेळी जगभरची हजारो माणसे त्या एका काल्पनिक राज्यात वावरत असतात. कोणी मासे पकडतो, कोणी लोखंड वितळवतो, कोणी लढतो. आमच्या मुलाने लढणारा निवडला आणि त्याला आपल्या वारलेल्या आजोबांचे नाव दिले.

रेंज फक्त चर्चच्या पायऱ्यांवर येई. संध्याकाळची जपमाळ आटोपली की तो तेथे बसे. आम्हीही कधी कधी त्याच्या शेजारी बसत असू. टाळेबंदीत धर्मगुरूलाही वेळ होता. योद्धा कसा वाढतो, हे आम्ही तेथे त्याच्याकडून शिकलो.

योद्ध्याच्या अंगी तीन कौशल्ये असतात. एक वार अचूक बसण्याचे, दुसरे ताकदीचे, तिसरे बचावाचे. प्रत्येकाची पातळी निराळी, पहिलीपासून नव्व्याण्णवावीपर्यंत. आरंभी हाती कांस्याची तलवार आणि लाकडी ढाल. शत्रूच्या जिवाचा एक अंश कमी केला की चार गुण मिळतात. पहिल्या पातळीवरून दुसरीवर जाण्यास ८३ गुण लागतात. कोंबडीच्या अंगी तीन अंश जीव, म्हणजे सात कोंबड्या मारल्या की योद्धा दुसऱ्या पातळीवर. तेथवर सारे सोपे. चाळिसाव्या पातळीस मात्र ३७,२२४ गुण लागतात; ती आली म्हणजे रून नावाच्या निळसर धातूची उत्तम तलवार हाती धरता येते. ही पातळी केवळ गोब्लिन नावाच्या खुज्या राक्षसांना मारून गाठायची म्हटले, तर अठराशेहून अधिक गोब्लिन मारावे लागतात. पुष्कळ खेळाडू याच सुमारास कुरणातल्या गाई मारतात, कारण गाईच्या अंगी जीव अधिक आणि उलटून मारण्याची शक्ती कमी. आमचा मुलगा गाईंच्या कुरणात गेला नाही. आम्ही कारण विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

पुढचे गणित ऐकून तर आम्ही थक्क झालो. बासष्टावी पातळी म्हणजे ३,३३,८०४ गुण. नव्व्याण्णवावी म्हणजे १,३०,३४,४३१. म्हणजे आमचा बासष्टावा वीर शिखराच्या शेकडा अडीच वाटेवर उभा होता! नव्व्याण्णवाचा निम्मा मार्ग ब्याण्णवाव्या पातळीला होतो, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून उंच रचलेली आहे. हे त्या मुलाने आम्हांस अशा सहजतेने सांगितले, जणू आवणीला कोणते शेत आधी आणि कोणते मागून धरायचे हे सांगत आहे. आणि खरोखरच ते काम आवणीसारखेच होते. वाकायचे, रोप खोचायचे, पुन्हा वाकायचे. अंगठ्याने राक्षसावर टिचकी मारायची, तो पडेपर्यंत थांबायचे, पुन्हा टिचकी मारायची. पराक्रमाच्या कथांत जे एका वाक्यात उरकते, ते येथे तासन् तास चाले. आम्ही त्यास एकदा म्हटलेही, “अरे, याचा कंटाळा नाही येत?”

तो म्हणाला, “येतो ना, फादर. पण इथं कमी लिहीत नाहीत. एक मारला की एक लिहितात.”

हे वाक्य तेव्हा आम्ही ऐकले आणि मनात ठेवले.

योद्धा मरतोही. मेला की आरंभीच्या गावात पुन्हा उठतो. बरोबरच्या वस्तूंपैकी अधिक मोलाच्या थोड्या उरतात, बाकीच्या मरणाच्या जागी जाऊन ठरल्या वेळात परत घ्याव्या लागतात. पातळी मात्र कधी उतरत नाही. जे कमावले ते कमावले. त्या मुलाला या नियमाचे फार कौतुक होते.

धर्मगुरू या नात्याने आमचे लक्ष आणखी एका कौशल्याकडे गेले. त्या खेळात प्रार्थनेचीही पातळी आहे. ती वाढते मृतांची हाडे पुरल्याने. राक्षस पडला की त्याची हाडे जमिनीवर राहतात. ती उचलावी आणि पुरावी. साध्या हाडांचे साडेचार गुण, म्हणजे दुसरी पातळी येण्यास एकोणीस वेळा पुरावे लागते. त्रेचाळिसाव्या पातळीस अशी प्रार्थना हाती येते की शत्रूच्या तलवारीचा वार बोथट व्हावा. प्रार्थना वापरली की तिचा साठा सरतो आणि वेदीपाशी जाऊन तो पुन्हा भरून आणावा लागतो. हे शेवटचे कलम रचणाऱ्यांना कोठून सुचले कोण जाणे. आमच्या पुष्कळ प्रवचनांत ते इतके नेटके आलेले नाही. साध्या हाडांवरच अवलंबून राहिले तर नव्व्याण्णवाव्या पातळीस सुमारे एकोणतीस लाख हाडे पुरावी लागतील, असा हिशेब आम्ही कागदावर मांडून पाहिला आणि कागद बाजूला ठेवला.

बहुतेक खेळाडू घाईत हाडे तशीच टाकून पुढच्या शत्रूकडे वळतात. हा मुलगा प्रत्येकाची पुरीत असे. त्यात त्याचा वेळ जाई, ताकदीची पातळी मागे राही. ते दिवस कसे होते हे वाचकांना स्मरत असेलच. माणसे इस्पितळातून परत येत नव्हती. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, आणि तेवढीही येत नसत. आम्ही त्या वर्षी असे दफनविधी केले की ज्यांत खड्डा खणणारे दोघे, मृताचा मुलगा आणि आम्ही एवढेच हजर होतो. संध्याकाळी परतावे, स्नान करावे आणि पायरीवर येऊन बसावे, तो शेजारी हा पोर ठोकळ्याच्या माणसाकडून राक्षसाची हाडे एकेक करून मातीआड करवीत आहे. साडेचार गुणांसाठी का होईना, कोणी तरी कोणाला तरी रीतसर पुरीत होते. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही, आजही यावर अधिक लिहिण्याचा आमचा विचार नाही.

पुरोहित मंडळींत या खेळांविषयी मत चांगले नाही. आमच्या एका वर्गबंधूंनी फोनवर सांगितले, “काढून घे तो मोबाईल. त्या कार्लो अकुटिससारखा आठवड्याला एक तास दे फार तर.” इटलीचा हा कुमार संगणकात निष्णात होता, खेळाचीही त्याला आवड होती, आणि आठवड्यास एक तास ही मर्यादा त्याने आपली आपणच घालून घेतली होती, असे सांगतात. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यास संतपद जाहीर केले, तेव्हा वर्गबंधूंनी त्या फोनची आम्हांस आवर्जून आठवण दिली. नियम उत्तमच आहे. परंतु मिलानच्या सुखवस्तू घरातील मुलाला खेळाबाहेरही पुष्कळ काही होते. आईबाप भट्टीवर अडकलेल्या मुलाचा तास कोणत्या मापाने मोजावा, हे आम्हांस त्या नियमातून काढता आले नाही. आम्ही अभ्यासाचे दोन आणि बागेचा एक, असे तीन तास आधी मागून घेतले आणि खेळाला रात्री नऊची सीमा घातली. ती त्याने पाळली.

शूर वीरांच्या कल्पित कथांवर पोसलेले मन पुढे कोठे जाईल, हे तरी कोणी सांगावे? संत इग्नेशियस लोयोला तारुण्यात शिलेदार होते. २० मे १५२१ रोजी पाम्पलोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वाचावयास मागितल्या त्या शिलेदारांच्या अद्भुत कादंबऱ्या. घरात त्या नव्हत्या म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे हाती आली. पुढल्या वर्षी मोन्सेरात येथे त्यांनी मातेच्या वेदीपुढे तलवार ठेवली. ही गोष्ट धर्मशिक्षणाच्या वर्गात सर्वांना शिकवतात. एक बारीक गोष्ट मात्र सेमिनरीत गेल्यावर कळते. आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात त्यांनी आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा आखून दिल्या आहेत. एक दोष निवडावा. दुपारी आणि रात्री आत्मपरीक्षण करून तो जितक्या वेळा घडला तितके ठिपके रेघेवर द्यावेत. मग आजची रेघ कालच्या रेघेशी आणि हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहावा. तलवार ठेवली तरी मोजण्याची शिलेदारी सवय गेली नव्हती, असे आम्हांस वाटते. गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीत आम्हीही वही ठेवीत असू. रोज दुपारी ठिपके देत असू. तुम्ही आता अमुक पातळीवर आलात असे मात्र कोणी कधी सांगितले नाही, आणि दीक्षेच्या दिवशी आतषबाजीही झाली नाही. त्या खेळात पातळी वाढली की योद्ध्याच्या डोक्यावर रंगीत दारू उडते. कोणी पाहो न पाहो, उडते.

२०२१ साली हा मुलगा दहावीत होता. त्या वर्षी महामारीच्या दुसऱ्या लाटेमुळे महाराष्ट्रात दहावीची परीक्षाच रद्द झाली. नववीचे गुण आणि शाळेचे अंतर्गत मूल्यमापन यांवरून निकाल लावण्यात आला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. मावशींनी शिरा केला. तो खाता खाता पोर म्हणाला, “फादर, हे मला फुकट मिळालं. तिकडची सत्तर मी मारून मिळवली.” त्याची ताकद एव्हाना सत्तराव्या पातळीस पोहोचली होती, म्हणजे ७,३७,६२७ गुण. शाळेने दिलेल्या कागदाची त्याला लाज वाटत होती असे नव्हे. विश्वास वाटत नव्हता. ज्या कागदावर मुलाचे सारे पुढचे शिक्षण उभे राहायचे त्यावर त्याचा विश्वास नाही, आणि सातासमुद्रापलीकडील एका यंत्रातल्या आकड्यावर आहे, हे आमच्या मनाला लागले.

त्याचे कारण त्याच्या घरी होते. भट्टीवरचा व्यवहार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पावसाळ्याच्या अखेरीस हात रिकामे असतात. त्या वेळी मुकादम पाड्यावर येऊन उचल देतो. ती फेडण्यासाठी कुटुंब भट्टीवर जाते. नवरा गारा मळतो, बायको साच्यातून विटा पाडते, मुले त्या उलटवतात, पालथ्या घालतात. मजुरी हजार विटांमागे ठरलेली. दर आठवड्यास खर्ची म्हणून थोडे पैसे मिळतात, बाकीचे हिशेबात. हा हिशेब मोसम संपताना होतो, आणि तो ज्या वहीत असतो ती वही शेठकडे. तुटफूट वजा, अवकाळीने भिजलेल्या वजा, आजारपणाचे खाडे वजा, खर्ची वजा, उचल वजा. मुलाच्या बापाने किती वर्षे विटा पाडल्या हे त्याला सांगता येत असे. किती विटा पाडल्या हे एकाही वर्षी सांगता आले नव्हते. बहुतेक वर्षी अखेरीस त्यालाच काही देणे निघे आणि ते पुढल्या दिवाळीवर जाई. विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८२ पासून या जिल्ह्यात वेठबिगारीविरुद्ध झुंज दिली, माणसे सोडवली, कायदा दाराशी आणला. तरी वही शेठकडेच राहते.

“इथं कमी लिहीत नाहीत” या वाक्याचा अर्थ आता वाचकांच्याही ध्यानी आला असेल.

या खेळाला आपण रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणतो. पण जगात दुसरीकडे तो मजुरीचाही झाला होता. व्हेनेझुएला देशाचे चलन कोसळले तेव्हा, २०१७ च्या सुमारास, तेथील कित्येक तरुण याच राज्यात हिरवे ड्रॅगन मारून खेळातले सोने मिळवीत आणि ते परदेशी खेळाडूंना विकून घरी अन्न आणीत. खेळाच्या नियमांत ही विक्री बसत नाही, आणि काही धनिक देशांतील खेळाडू त्यांची शिकार करण्यात धन्यता मानीत. आमच्या मुलास हे कोणा खेळाडूकडून कळले होते. तो म्हणाला, “म्हणजे त्यांची पण भट्टीच.” मात्र आपला योद्धा विकण्याची कल्पना त्याला रुचली नाही, आजोबांचे नाव दिले होते ना.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आईबाप पुन्हा भट्टीवर निघाले, तेव्हा त्याने आईला शंभर पानी वही आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल दिली. आईला अक्षरओळख नाही. रोज संध्याकाळी वाळत घातलेल्या विटा मोजायच्या, शंभर झाल्या की एक रेघ. उलटवताना मोडलेल्या शंभर झाल्या की एक आडवी रेघ. रविवारी हा सायकलने जाई, रेघांचे आकडे करी आणि पानाच्या खाली तारीख घाली. आम्ही ती वही पाहिली आहे. गाऱ्याच्या बोटांचे ठसे, काही पाने भिजून फुगलेली, आणि रेघा कोठे दाट, कोठे तुरळक. लहान बहीण तापाने आजारी होती त्या आठवड्याचे पान जवळजवळ कोरे होते.

मे २०२२ च्या अखेरीस हिशेबाचा दिवस आला. आम्ही बरोबर गेलो, पण बोलायचे नाही असे आधीच ठरले होते. शेठने आपली वही वाचली. मग मुलाने आईच्या हातची वही पुढे केली. दोन्हींत काही हजार विटांचा फरक होता, आणि तुटफुटीत त्याहून मोठा. मुकादम प्रथम हसला. शेठने वही हाती घेतली, चार-सहा पाने उलटली, भिजलेल्या पानांवर थांबला, चहा मागवला. तासभर बोलणी झाली. मुलगा आवाज न चढवता एकेक तारीख सांगत होता आणि आई मान हलवीत होती. अखेर शेठने फरकाच्या निम्म्या विटा मान्य केल्या, उचल पुरी फिटली असे लिहून दिले, आणि उठता उठता बापाला म्हणाला, “पुढच्या साली दुसरी भट्टी बघ.”

परतीच्या वाटेवर बाप मुलावर रागावलेला होता. सतरा वर्षांची ओळख तुटली, अडीनडीला शेठच पैसे देई, असे त्याचे म्हणणे. आणि ते खोटे नव्हते. त्या वर्षी घरी चार पैसे आले, पण दिवाळीनंतर नवी भट्टी शोधताना दीड महिना गेला. नव्या भट्टीवर उचल कमी मिळाली. वही मात्र आईने टोपलीत सर्वांत वर ठेवली होती.

यानंतर योद्ध्याची प्रगती मंदावली. बारावी होऊन तो पोलीस भरतीच्या तयारीस लागला. आमच्या तालुक्यात पहाटे फिरणाऱ्यास रस्त्यांवर अशी धावणारी मुले-मुली जागोजाग दिसतील. मैदानी चाचणी पन्नास गुणांची. १६०० मीटर धावण्यास २०, शंभर मीटरला १५ आणि गोळाफेकीस १५. आरंभी दम लागून तो खाली बसे. मग आठवड्यास थोडे थोडे सेकंद कमी होऊ लागले, आणि त्याची वही पुन्हा आकड्यांनी भरू लागली. एकदा तो म्हणाला, “फादर, इथं पण ब्याण्णवनंतरच खरी निम्मी वाट आहे. पहिली दोन मिनिटं लवकर कमी होतात, शेवटचे दहा सेकंद होत नाहीत.” आणि लगेच पुढे, “पण इथं दोन दिवस नाही धावलो तर खाली येतं. तिकडं येत नाही.” २०२४ च्या पावसाळी भरतीत तो मैदानात उतरला. धावण्याची वेळ अंगावर लावलेल्या चिपने मोजली गेली, यावर तो समाधानी होता. यादीत नाव थोडक्यात राहिले. तो पुन्हा तयारी करीत आहे.

त्याच्या आदल्या वर्षीची एक गोष्ट सांगावयाची राहिली. २४ सप्टेंबर २०२३ च्या रविवारी द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला वाचनात होता. पहाटे आलेल्यांना एक दिनार आणि दिवस मावळताना आलेल्यांनाही एकच दिनार, ही ती कथा. मुलगा आमच्या धर्माचा नव्हे, परंतु वसतिगृहातील सवयीने रविवारी येऊन मागच्या बाकावर बसे. भट्टीच्या माणसांसमोर या दाखल्यावर प्रवचन करणे आम्हांस दर वेळी जड जाते. ज्यांना दिवसभर राबून पुरते मिळत नाही, त्यांना देवाची उदारता हिशेबापलीकडची आहे हे कोणत्या तोंडाने सांगावे? आम्ही सांगितले. मिस्सा संपल्यावर तो दाराशी थांबला होता. तो भांडणार, कमी लिहिले म्हणणार, अशी आमची अटकळ होती.

तो म्हणाला, “फादर, तो धनी बरा होता.”

“का रे?”

“संध्याकाळीच दिले ना त्यानं. मोसम संपेपर्यंत नाही ठेवले. अन् बोलला तेवढेच दिले.”

आम्ही त्या दाखल्यावर वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत. शेवटी आलेल्यांकडे पाहिले, कुरकुरणाऱ्यांकडे पाहिले, धन्याच्या औदार्याकडे पाहिले. मजुरी त्याच संध्याकाळी चुकती झाली, हे तर कथेत आरंभापासून लिहिलेले आहे. आम्ही त्यास विचारले, “आणि शेवटी आलेल्यांचे काय? त्यांना फुकट नाही मिळाले?”

त्याने थोडा विचार केला. “त्यांना कोणी कामाला लावलं नव्हतं म्हणून ते बसले होते ना? मग ते काय करणार?” मग जरा घुटमळून म्हणाला, “फादर, हॉलची किल्ली देता का? गोळा आत राहिलाय, उजेड आहे तोवर फेकून घेतो.”

आम्ही किल्ली दिली.